वडिलोपार्जित ऑइल इंजिनाची ओळख कशी पटवावी आणि त्याचे सुटे भाग कसे मिळवावेत

महाराष्ट्रातील विहिरींवर वीज पोहोचण्यापूर्वी, आणि पोहोचल्यानंतरही भारनियमनाच्या वर्षांत, शेतीचे पाणी, पिठाची गिरणी आणि उसाचे गुऱ्हाळ यांचा भार एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाने वाहिला. गावात त्याला ‘ऑइल इंजिन’ किंवा नुसतेच ‘इंजिन’ म्हणतात. विजेची मोटर बसल्यावर ते विहिरीशेजारच्या खोलीत पडून राहिले आणि आता वाटणीत किंवा घराची आवराआवर करताना नातवंडांच्या हाती येते. ते नेमके कोणते आहे आणि त्याचे भाग आज मिळतील का, हे दोन प्रश्न तेव्हा एकदमच उभे राहतात.

या प्रश्नांची उत्तरे शोधताना बहुतेकांची पहिली धाव कंपनीच्या नावाकडे असते. नाव उपयोगी पडते, पण पुरेसे ठरत नाही. चाळीस-पन्नास वर्षे राबलेल्या इंजिनात एका कारखान्याचा क्रँककेस (खालची बिडाची पेटी), दुसऱ्याचे हेड (सिलिंडरवरचे झाकण) आणि तिसऱ्याचा इंधनपंप असणे अगदी सामान्य आहे, आणि पाटी तर एका इंजिनावरून काढून दुसऱ्यावर रिव्हेट करता येते. म्हणून या लेखातील आग्रह एवढाच आहे की नावावरून इंजिनाचे घराणे ठरवावे, परंतु भाग मात्र मापाने मागावा.

हात लावण्यापूर्वी

पडून राहिलेले इंजिन चालते का हे पाहण्यासाठी लगेच हँडल मारण्याचा मोह आवरावा. पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतील नळीला) चिकटलेल्या असतील आणि चाक जोराने फिरवले, तर एरवी वाचली असती अशी रिंग तुटते. व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर पुश रॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) वाकतो. आधी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. इंधनाच्या नळ्या कोठून कोठे जातात, गव्हर्नरची (वेग आवरणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग कोणत्या भोकात अडकवली आहे आणि पाण्याच्या नळ्यांची जोडणी कशी आहे, हे त्यांत स्पष्ट दिसले पाहिजे. त्यानंतर नोझल (सिलिंडरमध्ये इंधन फवारणारा भाग) काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण ओतावे व काही दिवस मुरू द्यावे. पुढे चाक हाताने थोडे मागे-पुढे हलवून पाहावे. लांब पहार लावून ताकद अजमावण्याची ही वेळ नव्हे.

पाटी बहुधा पितळेची किंवा ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर रंगाचे थर चढलेले असतात. पॉलिश कागदाने ती घासल्यास उथळ ठोकलेले आकडे कायमचे जातात, म्हणून केरोसीनमध्ये भिजवलेले फडके काही वेळ तिच्यावर ठेवून रंग मऊ करावा आणि मग हलक्या हाताने पुसावा. आकडे तरीही उमटत नसतील तर पातळ कागद पाटीवर धरून त्यावर आडवी पेन्सिल फिरवावी. डोळ्यांना न दिसणारे आकडे कागदावर पुष्कळदा स्पष्ट येतात. पाटीवरील क्रमांकाखेरीज क्रँककेसवर, बहुधा घासून सपाट केलेल्या एखाद्या जागी, छिन्नीने ठोकलेला क्रमांक असतो. दोन्ही क्रमांक जुळले तर पाटी मूळची आहे असे मानण्यास हरकत नाही. ते जुळत नसतील तर पाटीवरचा मजकूर ऐकीव माहितीइतकाच धरावा.

जुनी पॅकिंग आणि सायलेन्सरच्या जोडावरील दोरी यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. अशी पॅकिंग कोरडी खरवडू नये, पाण्याने भिजवून काढावी आणि तिची धूळ झाडूने उडवू नये.

घराणे कोणते

पहिली पाहणी हेडची करावी. हेडवर ठिणगीचा प्लग असेल आणि चाकाजवळ मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज निर्माण करणारा भाग) असेल, तर ते डिझेल इंजिन नाही. पेट्रोलवर सुरू होऊन केरोसीनवर चालणाऱ्या छोट्या पंपसेटांपैकी ते असावे आणि त्याचा शोध वेगळ्या वाटेने घ्यावा लागेल. नोझल आणि जाड भिंतीची पोलादी नळी असेल तर ते डिझेल इंजिन आहे. आपल्याकडे सापडणारी जुनी डिझेल इंजिने मुख्यतः दोन घराण्यांची असतात आणि बाजारात त्यांना ‘लिस्टर टाइप’ आणि ‘पीटर टाइप’ म्हणतात.

लिस्टर टाइप इंजिन दुरूनही ओळखता येते. उंच उभा सिलिंडर, दोन्ही बाजूंना एकेक जड चाक आणि ठोके मोजता येतील अशी संथ चाल ही त्याची लक्षणे आहेत. इंग्लंडमधील डर्स्ली येथील आर. ए. लिस्टर कंपनीने १९२९ मध्ये बाजारात आणलेल्या ‘सीएस’ मालिकेवरून ही इंजिने उतरली. तिच्या नावातील पहिला आकडा अश्वशक्तीचा आणि दुसरा सिलिंडरच्या संख्येचा असतो, त्यामुळे ६/१ म्हणजे सहा अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे इंजिन होय. ५/१ चा वेग मिनिटाला ६०० फेरे, ६/१ चा ६५० आणि ८/१ चा ८५०. ५/१ आणि ६/१ यांच्या सिलिंडरचा व्यास साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर, आणि स्ट्रोक (पिस्टनचा वरून खालपर्यंतचा प्रवास) साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर असतो. डर्स्लीतील उत्पादन १९८७ मध्ये थांबले, मात्र गुजरातमधील राजकोट येथे याच नमुन्याची इंजिने अनेक कारखान्यांनी आपापल्या नावाने काढली. पिठाच्या गिरणीतून आलेले इंजिन या घराण्याचे असेल आणि पाटीवर अनोळखी नाव असेल, तर ते राजकोटकडचे असण्याची शक्यता मोठी आहे.

पीटर टाइप इंजिन आटोपशीर असते, त्याला एक चाक असते आणि ते मिनिटाला १५०० फेऱ्यांनी चालते. हा नमुना पेटर या इंग्रज कंपनीच्या ‘एव्ही’ मालिकेचा असून, बाजाराच्या तोंडी ‘पेटर’चा ‘पीटर’ झाला आहे; दुकानात हाच उच्चार वापरावा. १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनीचे ‘एव्ही१’ याच मापाचे आहे: व्यास ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, शक्ती ३.७ किलोवॅट, म्हणजे पाच अश्वशक्ती. तिचेच ‘टीव्ही१’ ५.२ किलोवॅटचे, म्हणजे सात अश्वशक्तीचे आहे. त्याचा स्ट्रोक तोच ११०, पण व्यास ८७.५ मिलिमीटर. ‘टीएएफ१’चा व्यास आणि स्ट्रोक ‘टीव्ही१’सारखेच आहेत, परंतु ते हवेने थंड होते आणि ४.४ किलोवॅटचे आहे. सिलिंडरवर पातळ पंख असतील आणि पाण्याची नळी कोठेच नसेल तर ते हवेने थंड होणारे इंजिन आहे, एवढे पाहण्यास पाटीचीही गरज नाही. सातारा भागात कूपर कंपनीची इंजिनेही घरोघरी होती. पाटीवर ते नाव असेल तर शोधाची सुरुवात सातारा जिल्ह्यातल्या जुन्या मिस्त्रींपासूनच करावी, कारण त्या इंजिनांची जाण तिकडे अधिक आहे.

पाटीवर अश्वशक्ती इंचांच्या मापांसह लिहिली आहे की किलोवॅट आणि मिलिमीटर, यावरून वयाचा ढोबळ अंदाज येतो. भारतात मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. परंतु कारखान्यांचे साचे एका रात्रीत बदलत नाहीत, त्यामुळे या खुणेवरून वर्ष सांगण्याच्या भरीस पडू नये.

मापे घेणे

ज्यांना हे इंजिन खरोखर पुन्हा चालवायचे आहे त्यांनी व्यास-जाडी मोजणारा एक साधा व्हर्नियर, फट मोजणारे फीलर गेज आणि आट्यांमधील अंतर मोजणारे पिच गेज विकत घ्यावे. या तिन्ही साधनांचा खर्च एका चुकीच्या पिस्टनच्या खर्चापेक्षा कमी असतो.

सिलिंडरचा व्यास मोजताना जागेला महत्त्व आहे. लायनरची सर्वाधिक झीज वरच्या रिंगेचा प्रवास जेथे संपतो तेथे होते. बोट फिरवल्यास तेथे कंगोरा लागतो. त्या पट्ट्यात घेतलेले माप मूळ मापापेक्षा मोठे येते आणि ८० चा लायनर ८०.३ चा दिसतो. म्हणून मूळ व्यास कळण्यासाठी कंगोऱ्याच्या वर किंवा जेथे रिंग पोहोचत नाही अशा तळाच्या भागात मोजावे आणि झीज कळण्यासाठी कंगोऱ्याच्या लगेच खाली, एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजावे. या दोन मापांतील फरकावरून नव्या रिंगांनी भागेल की लायनरच बदलावा लागेल हे मिस्त्री सांगू शकेल. स्ट्रोकसाठी हेड काढल्यावर पिस्टन सर्वांत वर असताना आणि सर्वांत खाली असताना लायनरच्या माथ्यापासूनची खोली मोजावी. दोहोंतील फरक हाच स्ट्रोक. व्यास आणि स्ट्रोक सेंटिमीटरमध्ये घेऊन व्यासाचा वर्ग, स्ट्रोक आणि ०.७८५ यांचा गुणाकार केल्यास आकारमान घनसेंटिमीटरमध्ये मिळते. ‘एव्ही१’चे ते सुमारे ५५३, ‘टीव्ही१’चे ६६१ आणि लिस्टर ६/१ चे सुमारे १४३३ येते. पाटी एक सांगत असेल आणि हा हिशेब दुसरेच सांगत असेल, तर हिशेबावर विश्वास ठेवावा.

पिस्टनच्या माथ्यावर ‘०.२५’, ‘०.५०’ किंवा ‘०२०’ असे कोरलेले असेल तर इंजिन पूर्वी बोअर झालेले (सिलिंडर घासून रुंद केलेले) आहे आणि त्यात ओव्हरसाइज पिस्टन आहे. पाव मिलिमीटर म्हणजे इंचाचे दहा सहस्रांश (०.०१० इंच), अर्धा म्हणजे वीस; लेथवरचे कारागीर त्यांना ‘दहा थाऊ’, ‘वीस थाऊ’ म्हणतात. क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य शाफ्टच्या) बाबतीत हिशेब उलट चालतो, कारण क्रँक घासून बारीक केलेला असतो आणि त्याला अंडरसाइज बेअरिंग लागते. हा आकडा न पाहता स्टँडर्ड भाग मागवला तर तो घरी पोहोचेल, पण बसणार नाही.

पिस्टनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, आणि माझ्या मते सगळ्या खरेदीत सर्वाधिक फसगत येथेच होते. व्यास जुळला म्हणजे पिस्टन जुळला असे होत नाही. गजन पिनचा (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनचा) व्यास, पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, माथ्यावरील वाटीचा आकार आणि रिंगांच्या खोबणींची संख्या व रुंदी ही सगळी मापे जुळावी लागतात. माथा एक-दीड मिलिमीटर उंच असलेला पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला आदळतो. तेवढाच बुटका असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील हवेचा दाब) पडते आणि थंडीत इंजिन सुरूच होत नाही. नवा पिस्टन बसवल्यावर त्याच्या माथ्यावर शिशाच्या तारेचे दोन तुकडे ग्रीसने चिकटवावेत, हेड आवळून चाक हाताने एकदा सावकाश फिरवावे आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजावी. ती जाडी म्हणजे पिस्टन आणि हेड यांच्यातील खरे अंतर होय, आणि ते इंजिनाच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावे.

आट्यांविषयी थोडे. इंग्रजी नमुन्यावरच्या इंजिनांत व्हिटवर्थ (जुन्या इंग्रजी इंची मापाचे) आटे असतात आणि बोल्टची जाडी सुतांत सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची, व्हिटवर्थ बोल्टला इंचामागे बारा आटे असतात, तर १२ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टचा पिच १.७५ मिलिमीटर असतो. मेट्रिक बोल्ट त्या भोकात दोन-तीन आटे सहज जातो, बसल्यासारखा वाटतो आणि आवळताना बिडाचे आटे घेऊन बाहेर येतो. शंका असेल तेथे पिच गेज लावल्याशिवाय पाना फिरवू नये.

कोणता भाग कोणत्या नावाने मागावा

काही भागांना इंजिनाच्या नावाची गरजच नसते. बॉल बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो आणि त्याचे शेवटचे दोन आकडे, ०४ किंवा त्यापुढचे असल्यास, पाचने गुणले की आतील भोकाचा व्यास मिळतो. ६२०५ चा २५ मिलिमीटर, ६३०८ चा ४०. त्या क्रमांकाचे बेअरिंग जगात कोणत्याही कंपनीचे घेतले तरी त्याच मापाचे असते. ऑइल सीलवर आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी लिहिलेली असते. व्ही पट्ट्याची रुंदी वरच्या बाजूस १३ मिलिमीटर असेल तर तो ‘ए’, १७ असेल तर ‘बी’ आणि २२ असेल तर ‘सी’. हे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि त्यांसाठी जुन्या इंजिनाची कहाणी दुकानदाराला सांगत बसण्याचे कारण नाही.

इंधनपंप आणि नोझल यांचा शोध त्यांच्यावरील क्रमांकाने घ्यावा. आपल्याकडच्या पुष्कळ इंजिनांवर ‘मायको’चा पंप दिसतो, ही कंपनी १९५१ मध्ये बंगळुरूत बॉशच्या सहकार्याने उभी राहिली. पंपाच्या अंगावरील पाटीवर ‘पीएफ’ किंवा ‘पीएफआर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. नोझलच्या गळ्यावर बारीक अक्षरे असतात: ‘डीएल’ने सुरू होणारे नोझल बारीक छिद्रांचे, आणि ‘डीएन’ने सुरू होणारे पिंटलचे, म्हणजे मधोमध सुईचे टोक असलेले. हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत, मग बाहेरून ते कितीही सारखे दिसोत. पंपाचा एलिमेंट, म्हणजे प्लंजर आणि त्याची नळी, ही काही मायक्रॉनच्या फटीची घासून जुळवलेली जोडी असते. तिच्यातील एकच भाग बदलता येत नाही आणि घरी चिंधीने पुसणेही तिला मानवत नाही. पंप न उघडता, तोंडे बंद करून, चाचणी यंत्र असलेल्या पंप-नोझलच्या दुकानात न्यावा. पुष्कळ वेळा तो स्वच्छ करून आणि दाब बसवून परत मिळतो, आणि नवा घेण्याची वेळ येत नाही.

लायनर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, गाइड, बुश आणि हेड पॅकिंग हे भाग घराण्याच्या नावाने आणि मापाने मागावेत. दुकानात विचारताना “जुन्या इंजिनाचा पिस्टन द्या” असे म्हणण्याऐवजी “पीटर टाइप, पाच हॉर्सपॉवर, ऐंशीचा बोअर, वीस थाऊ ओव्हरसाइज, पिनचे माप हे असे” असे सांगितल्यास समोरचा माणूस गंभीरपणे ऐकतो. शक्य असेल तर जुना भाग बरोबर न्यावा. दूरच्या दुकानदाराला छायाचित्र पाठवायचे असेल तर भागाशेजारी पोलादी पट्टी ठेवावी आणि कॅमेरा सरळ वरून धरावा, कारण तिरक्या छायाचित्रावरून माप निघत नाही.

कोठे शोधावे

‘एव्ही१’, ‘टीव्ही१’ यांसारख्या इंजिनांसाठी आधी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे इंजिन क्रमांक देऊन विचारणे सोपे आणि खात्रीचे आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे भाग घडवणारे आणि दुरुस्त करणारे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नवा भाग मिळाला नाही तरी नमुना पाहून तो करून देणारा माणूस तेथे सापडतो. लिस्टर टाइपच्या भागांसाठी राजकोटला पर्याय नाही, मात्र तेथील प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा असल्याने डर्स्लीच्या मूळ इंजिनात राजकोटचा भाग थेट बसेलच असे धरू नये. क्वचित तो लेथवर उतरवावा लागतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग, पट्टे, हत्यारे आणि इंची नट-बोल्ट यांची दाटी आहे, आणि व्हिटवर्थचा पाना आज कोठेच मिळत नाही असे वाटते तेव्हा तो तेथे मिळू शकतो.

भंगार बाजाराला कमी लेखू नये. बिडाचा मोठा भाग, उदाहरणार्थ हेड, गव्हर्नरची पेटी किंवा चाक, नवा शोधण्यापेक्षा त्याच जातीचे दुसरे बंद पडलेले इंजिन वजनावर विकत घेणे बहुधा स्वस्त पडते, आणि आपल्याला पुढे काय काय लागेल याचा अंदाज नसताना ते शहाणपणाचेही ठरते. गावात चौकशी करताना ‘इंजिन विकायचे आहे का’ असे विचारले की भाव वाढतो; ‘पडून आहे का कुणाकडे’ असे विचारावे.

बुश, पिन, स्पेसर, साधा शाफ्ट आणि पॅकिंग हे भाग लेथवर किंवा हाताने करून घेता येतात. क्रँक आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट यांच्या बाबतीत मात्र स्थानिक कारागिरीवर भागवू नये. रॉडचा बोल्ट साध्या पोलादाचा असेल तर तो ताणला जाऊन तुटतो आणि रॉड क्रँककेसच्या भिंतीतून बाहेर येतो. त्या वेळी शेजारी कोणी उभे असू नये इतकीच प्रार्थना करता येते.

भाग हाती आल्यावर

नवी रिंग पिस्टनवर चढवण्यापूर्वी एकटी लायनरमध्ये घालावी, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ करावी आणि तिच्या तोंडातील फट फीलर गेजने मोजावी. शंभर मिलिमीटर व्यासास साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर हा नेहमीचा अंदाज आहे, म्हणजे ८० च्या लायनरमध्ये पाव मिलिमीटरच्या थोडे वर. फट मुळीच नसेल तर गरम झाल्यावर रिंग अडकते. एक मिलिमीटरच्या पुढे असेल तर भाग चुकीचा आला आहे किंवा लायनर झिजलेला आहे.

लिस्टर टाइप इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोपीला तेल उडवणारी छोटी पळी असते. मोठ्या बेअरिंगला तेल तिच्यामुळेच मिळते. जुन्या दुरुस्तीत ती तुटून गेलेली असेल तर नवे बेअरिंगही थोड्याच वेळात जळेल, म्हणून बेअरिंग मागवण्याआधी पळी पाहावी.

शेवटची तपासणी चाकाची करावी आणि ती इंजिन सुरू करण्याआधीच करावी. चाक साखळीने टांगून हातोडीने हलके ठोकले असता घंटेसारखा नाद आला पाहिजे. बद्द आवाज आला तर आऱ्यांपाशी किंवा तुंब्यापाशी भेग आहे असे समजावे, आणि ते चाक वेल्डिंग करून वापरण्याचा सल्ला कोणीही दिला तरी मानू नये. चाक शाफ्टवर घट्ट धरणारी डोक्याची किल्ली (पाचर) सैल असेल तर तिच्याखाली पत्र्याचा तुकडा न घालता खोबणीच्या मापाची नवी किल्ली करून बसवावी. आणि मिनिटाला ६५० फेऱ्यांसाठी ओतलेले चाक पंप जास्त पाणी देईल म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग ताणून ९०० वर नेऊ नये. पाणी कमी पडत असेल तर पुलीचे माप बदलावे.